नळीतून काय बाहेर पडते?

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्यातल्या बोव्हिंग्टन इथे एक रणगाडा संग्रहालय आहे. ‘टायगर १३१’ हा तिथला मानकरी. १९४३ साली ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला हा जर्मन रणगाडा आजही स्वतःच्या इंजिनावर चालतो. त्याच्या तोफेचा व्यास ८८ मिलिमीटर. दहा किलोंहून थोडा जड गोळा ही तोफ सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकत असे. नळीबाहेर पडताना त्या गोळ्यात जवळजवळ ३० लाख जूल ऊर्जा भरलेली असे.

याच टायगरच्या १:१६ प्रमाणातल्या, रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृती जगभरातल्या हौशी मंडळींकडे आहेत. नळीसकट साडेआठ मीटर लांबीचा रणगाडा या प्रमाणात ५३ सेंटीमीटरांचा होतो आणि टेबलावर मावतो. आता तोफेच्या व्यासालाही १६ ने भागून पाहू. उत्तर येते साडेपाच मिलिमीटर. एअरगन विकणाऱ्या दुकानदाराला हा आकडा चांगला ठाऊक असतो, कारण छर्ऱ्यांचे ते एक रूढ माप आहे. म्हणजे इतर कुठलाही भाग लहान केला तर त्याचे खेळणे होते, पण तोफेची नळी लहान केली तर तिची बंदूक होते.

हिशेब आणखी एक पायरी पुढे नेऊ. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १६ पटींनी कमी केली की वजन ४,०९६ पटींनी उतरते. दहा किलोंचा गोळा अडीच ग्रॅमचा होतो. मात्र वेग खऱ्या तोफेचाच ठेवला, तर त्या अडीच ग्रॅमच्या दाण्यात सुमारे ७४० जूल ऊर्जा असेल. पोलीस आणि सैन्य वापरतात त्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीत ती ५०० जूलच्या आसपास असते. सर्व बाबतींत हुबेहूब असा टेबलावरचा टायगर पिस्तुलापेक्षा घातक ठरेल, आणि असे खेळणे कोणताही देश कोणाच्या हाती मोकळेपणाने देणार नाही.

मग रणगाड्याच्या हौशी माणसाने बार उडवायचा तरी कसा? देशोदेशींच्या कायद्यांची भाषा वेगवेगळी असली, तरी ते सगळे फिरून फिरून तीनच प्रश्न विचारतात. नळीतून एखादी वस्तू बाहेर पडते का? तिला ढकलणारी ऊर्जा कुठून येते? आणि ती ऊर्जा किती असते? रणगाडा किती खरा दिसतो, हा प्रश्न या तिघांच्या मागे, बराच लांब उभा असतो.

उजेड, आवाज आणि धक्का

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच बाहेर पडत नाही’ असे असेल, तर शस्त्रकायद्याशी गाठ पडण्याचे कारणच उरत नाही. आजच्या चांगल्या प्रतिकृतींनी हाच मार्ग धरला आहे.

जपानच्या तामिया कंपनीने १९७० च्या दशकापासून १:१६ प्रमाणातले रेडिओ-रणगाडे बनवले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तोफेचा सगळा थाट इलेक्ट्रॉनिक्सवर आणला. बटण दाबले की एकाच क्षणी चार गोष्टी घडतात. ध्वनिमुद्रित स्फोट स्पीकरमधून घुमतो. नळीच्या तोंडाशी प्रखर दिवा क्षणभर लखलखतो. एक छोटी मोटर नळीला झटक्यात आत ओढते आणि सावकाश बाहेर सोडते. आणि पट्टे फिरवणाऱ्या मोटरी निमिषभर उलट्या फिरल्यामुळे अख्खा रणगाडा मागे हिसका खातो. पाहणाऱ्याला तोफ उडाल्याची खात्री पटवण्याचे काम यात हा हिसकाच सर्वाधिक करतो. धूर हवा असेल तर तापलेल्या तारेवर विशिष्ट तेलाचे थेंब सोडून पंख्याने तो बाहेर ढकलला जातो. त्यात काही जळत नाही. तेलाची वाफ होते आणि हवेत ती धुरासारखी दिसते.

लढाईचीही सोय आहे. नळीतून अवरक्त किरणांचा झोत सुटतो आणि समोरच्या रणगाड्यावरचा संवेदक तो टिपतो. टीव्हीच्या रिमोटमागचे तंत्र हेच. नेम लागला की समोरचा रणगाडा थरथरतो, ठरावीक मार खाल्ल्यावर त्याचा वेग मंदावतो आणि शेवटी तो जागीच बंद पडतो. डोळ्याला इजा नाही आणि जमिनीवर गोळ्यांचा सडाही नाही.

परवान्याचा विचार इथे आलाच, तर तो तोफेसाठी नसून रेडिओसाठी असतो. तोही प्रश्न आता जवळपास मिटला आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणे २००५ पासून परवानामुक्त आहेत, आणि आजचे बहुतेक रिमोट याच पट्ट्यात चालतात.

प्लास्टिकची गोळी

तरीही काही जणांना नळीतून खरेच काहीतरी उडायला हवे असते. जपानच्या टोकियो मारुईने १:२४ प्रमाणात आणि चीनच्या हेंग लाँगने १:१६ प्रमाणात असे रणगाडे बाजारात आणले. त्यांतून ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी सुटते. आतली रचना सोपी असते. मोटर दात्यांच्या चाकांनी स्प्रिंग ताणते, स्प्रिंग सुटली की दट्ट्या पुढे धावतो आणि दबलेली हवा गोळीला बाहेर ढकलते. दारू नाही, ज्वाला नाही, पण नळीतून वस्तू बाहेर पडते. त्यामुळे कायद्याचा तिसरा प्रश्न इथे जागा होतो: ऊर्जा किती?

जपानमध्ये बंदूक बाळगण्यावर १९५८ च्या कायद्याने कडक बंधने आहेत, म्हणूनच खेळण्यातल्या बंदुकांचा धंदा तिथे भरभराटीला आला. पण २००५ मध्ये काहींनी या बंदुकांत फेरफार करून रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडल्या आणि सरकारने पुढच्याच वर्षी कायदा बदलला. नवी मर्यादा ठरली दर चौरस सेंटीमीटरला ३.५ जूल. ६ मिलिमीटरच्या गोळीचे छेदक्षेत्र ०.२८ चौरस सेंटीमीटरांच्या आसपास असते, म्हणून तिच्यासाठी ही मर्यादा सुमारे ०.९८ जूल होते. ०.२ ग्रॅमच्या गोळीत इतकी ऊर्जा असेल तर ती सेकंदाला जवळजवळ १०० मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. मर्यादा क्षेत्रफळावर बांधण्यामागे विचार आहे. तेवढीच ऊर्जा लहान टोकावर एकवटली तर ती कातडीत घुसते आणि मोठ्या टोकावर पसरली तर नुसता मार बसतो.

ब्रिटनमधली कथा वेगळी आहे. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये ‘प्राणघातक नळीचे शस्त्र’ असा शब्दप्रयोग होता, पण किती ऊर्जेला प्राणघातक म्हणायचे याचा आकडा कायद्यात नव्हता. खटला उभा राहिला की तज्ज्ञांच्या साक्षी होत आणि न्यायालय निवाडा करी. २०१५ मध्ये तिथल्या विधी आयोगाने एक जूल हा उंबरठा सुचवला आणि २०१७ मध्ये संसदेने तो कायद्यात घातला. एअरसॉफ्ट या खेळाला मात्र सवलत मिळाली. ८ मिलिमीटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या गोल गोळ्या मारणाऱ्या साधनाला सलग मारा होत असेल तर १.३ जूल आणि एकेक गोळी सुटत असेल तर २.५ जूलपर्यंत मुभा आहे. रणगाड्याच्या प्रतिकृतीतली स्प्रिंग या मर्यादांच्या बरीच खाली राहते.

जर्मनीने रेषा आणखी खाली ओढली. तिथे ०.५ जूलपर्यंतचे साधन शस्त्रकायद्याच्या बहुतेक तरतुदींतून सुटते. त्यापुढे ७.५ जूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ अक्षराची खूण लागते आणि ती फक्त १८ वर्षांवरच्या व्यक्तीला विकता येते. त्यामुळे तिथल्या दुकानात गोळी उडवणाऱ्या रणगाड्याच्या खोक्यावर ०.५ जूल हा आकडा ठळक छापलेला असतो. घरी अधिक ताकदीची स्प्रिंग बसवून हा आकडा ओलांडला की मालकाच्या हाती खेळणे राहत नाही, तर खूण नसलेले शस्त्र येते. कायद्याने निर्धोक ठरवलेली अर्ध्या जूलची गोळीही डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून अशा खेळात चष्मा घालायलाच हवा.

वायू आणि ठिणगी

रणगाडा जसजसा मोठा होतो तसतसा स्पीकरचा आवाज हौशी माणसाला पुळचट वाटू लागतो. ब्रिटनमध्ये १:६ प्रमाणातले धातूचे रणगाडे बनवणारी मंडळी आहेत. त्यांचा टायगर जवळजवळ दीड मीटर लांब असतो आणि तो हलवायला दोन-तीन माणसे लागतात. एवढ्या धुडाला खेळण्याचा आवाज शोभत नाही. अशा ठिकाणी वायूचा बार येतो. प्रोपेनसारखा वायू आणि ऑक्सिजन नळीतल्या पोकळीत मिसळतात, ठिणगी पडते आणि खराखुरा धमाका होतो. चित्रपटांत आणि जुन्या लढायांच्या नाट्यमय पुनर्दर्शनांत मशीनगन ‘चालतात’ त्यांपैकी काही याच तत्त्वावर.

या धमाक्यात नळीतून फक्त गरम वायू बाहेर पडतो. वस्तू बाहेर पडत नाही, तोवर शस्त्रकायद्याचा पहिलाच प्रश्न निकालात निघतो. वायूंचे नळकांडे, गळती, सभोवतालची माणसे यांचे सुरक्षानियम मात्र लागू असतातच. गोम अशी की याच नळीत कोणी एखादा दाणा टाकला तर सगळे चित्र पालटते. ब्रिटिश कायद्याने एअरगनला दिलेली सवलत दबलेल्या हवेसाठी आहे, ज्वलनासाठी नाही. एक जूल ओलांडणारी वायूज्वलनाची नळी ही बंदूकच ठरते. म्हणून जाणते कारागीर अशा नळीत आडवी पट्टी कायमची वेल्ड करतात. वायू बाजूने निघून जातो, पण गोळी आत बसूच शकत नाही.

खरी दारू

शेवटची पायरी काळ्या दारूची. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण शतकानुशतके तोफांनी खाल्ले. तिचा ढगासारखा पांढरा धूर, वास आणि छातीत बसणारा दणका यांची बरोबरी दुसरे काही करू शकत नाही. इथे मात्र दोन कायदे एकत्र येतात, एक नळीचा आणि एक दारूचा. नळीतून काहीही उडणार नसले तरी दुसरा कायदा सुटत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ च्या स्फोटक नियमांनुसार काळी दारू घेण्यासाठी आणि जवळ ठेवण्यासाठी पोलिसांकडून प्रमाणपत्र लागते. गोळीही मारायची असेल तर नळीचा प्रश्न वेगळा येतो आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. आतून गुळगुळीत, २४ इंच किंवा त्याहून लांब नळीची बंदूक इतर अटी पाळत असेल तर शॉटगनच्या, म्हणजे तुलनेने सोप्या परवान्यात बसते. त्याहून आखूड नळीला कडक फायरआर्म प्रमाणपत्र लागते. टायगरच्या तोफेची नळी ४.९ मीटरांची. १:६ प्रमाणात ती ८२ सेंटीमीटर, म्हणजे ३२ इंच होते. १:१६ प्रमाणात ती जेमतेम १२ इंच उरते. कागदावरच्या हिशेबाने मोठी तोफ सोप्या परवान्यात आणि लहान तोफ कडक परवान्यात जाते! कारण उघड आहे. आखूड बंदूक अंगरख्यात लपते आणि कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रणगाडा नव्हता, दरोडेखोर होता.

दुसरी विसंगती याहून मजेशीर. ब्रिटनमध्ये तोफ नियमानुसार निकामी केलेला खराखुरा रणगाडा खासगी मालकाला बाळगता येतो. पण टेबलावरच्या प्रतिकृतीतून गोळी उडवणारी दारूची तोफ हवी असेल तर पोलिसांचे दार ठोठावावे लागते. पोलादाच्या वजनाशी शस्त्रकायद्याला देणेघेणे नसते, त्याचे लक्ष नळीवर असते.

जर्मनीत दारूचा बार ही जुनी लोकपरंपरा आहे. सण-समारंभात, लग्नात, नेमबाजांच्या मंडळांच्या जत्रेत ‘ब्योलर’ नावाच्या छोट्या तोफा नुसत्या आवाजासाठी उडवतात. गोळी नसूनही त्यांच्यावर दुहेरी पहारा आहे. दारू हाताळणाऱ्याला स्फोटक कायद्याच्या कलम २७ नुसार परवाना काढावा लागतो आणि त्याआधी प्रशिक्षण घ्यावे लागते. तोफेलाही सरकारी चाचणी केंद्रात जास्त दाबाचा बार सोसून दाखवावा लागतो, आणि ही परीक्षा दर पाच वर्षांनी द्यावी लागते. रणगाड्याच्या प्रतिकृतीत दारूची नळी बसवायची तर हाच रस्ता धरावा लागतो. नियम जाचक वाटला तरी त्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. धातूच्या नळीतला नजरेस न पडणारा तडा प्रत्येक बारागणिक वाढतो, आणि नळी फुटली की जवळ उभ्या असलेल्यांवर धातूच्या तुकड्यांचा वर्षाव होतो.

अमेरिकेत रेषा व्यासावर आहे. अर्ध्या इंचाहून, म्हणजे १२.७ मिलिमीटरांहून मोठ्या व्यासाच्या नळीतून स्फोटकाने किंवा तत्सम इंधनाने गोळी फेकणाऱ्या शस्त्राला १९६८ पासून संघीय कायद्यात ‘विध्वंसक साधन’ म्हणतात. त्याची नोंदणी करावी लागते आणि २०० डॉलरचा कर भरावा लागतो. हा आकडा १९३४ च्या मूळ कायद्यातला आहे. १:१६ चा टायगर साडेपाच मिलिमीटरमुळे या रेषेच्या आत राहतो, तर १:६ चा टायगर १४.७ मिलिमीटरमुळे ती ओलांडतो. मुळात शस्त्र म्हणून न बनवलेल्या वस्तूला कायद्यात अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू होतो हे स्वतःच ठरवून मोकळे होण्यात शहाणपण नाही. उलट १८९८ पर्यंतच्या जुन्या तोंडाकडून भरायच्या तोफा आणि त्यांच्या प्रतिकृती यांना मोठी मोकळीक आहे. त्यांच्यासाठी ५० पौंडांपर्यंत बाजारी काळी दारू संघीय परवान्याविना घेता येते. म्हणजे यादवी युद्धातली तोफ अंगणात उडवणे सोपे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याची इवलीशी तोफ उडवणे अवघड.

दिसण्याचा कायदा

आतापर्यंतचे सगळे नियम नळीच्या करणीचे होते. दिसण्याचेही कायदे आहेत, पण त्यांचा रोख हातात धरायच्या बंदुकांवर असतो. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीला आळा घातला आणि भडक रंगाच्या नकलांना मोकळे सोडले. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण लागते. पोलिसाने क्षणार्धात खरे-खोटे ओळखावे हा यामागचा हेतू. अर्ध्या मीटरच्या रणगाड्याला पाहून कोणी हात वर करत नाही, म्हणून ही कलमे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतातल्या या कायद्यांची मुळे ब्रिटिश राजवटीत आहेत. ब्रिटनने १८७५ मध्ये स्फोटकांचा कायदा केला आणि भारतासाठी तो १८८४ मध्ये आला. तोच कायदा सुधारणांसह आजही चालू आहे. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५९ मध्ये नव्याने झाला.

१९५९ च्या कायद्यात बंदुकीची व्याख्या फार रुंद आहे. स्फोटकाने किंवा ऊर्जेच्या अन्य कोणत्याही प्रकाराने कसलीही वस्तू फेकण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदलून घेतलेले शस्त्र तिच्यात येते. त्याच कायद्यात सुटकेची वाटही आहे. खेळण्याखेरीज दुसरा कसलाच उपयोग होऊ शकत नाही, किंवा ज्यांचे चालते शस्त्र करता येत नाही, अशा वस्तू ‘शस्त्र’ या शब्दातून वगळल्या आहेत. हौशी माणसाने यातला दुसरा भाग लक्षपूर्वक वाचावा. बदल करता येणे हीच सीमा आहे, आणि कलम ६ नुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे परवान्याविना गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांची आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी एअरगनसाठी आकडे दिले. ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त किंवा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर परवाना लागतो. सुरुवातीला काढलेला साडेपाच मिलिमीटरचा आकडा इथे पुन्हा अडसर होतो. कोणी प्रतिकृतीच्या नळीत छर्रा मारणारी एअरगनची यंत्रणा बसवू लागला, तर ऊर्जा मोजण्याआधीच व्यास परवान्याच्या हद्दीत जातो. दुकानातून घेतलेल्या खेळण्यांपुरते बोलायचे तर १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची आहे, आणि त्या मानकांत फेकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या ऊर्जेवरही मर्यादा आहे.

दारूचा कारभार चालवणारी केंद्रीय संघटना, पेसो, हिचे मुख्यालय नागपुरात आहे. १८८४ च्या कायद्यात स्फोटकाची व्याख्या करताना स्फोटाबरोबर आतषबाजीचा परिणाम साधणाऱ्या पदार्थांनाही घेतले आहे. त्यामुळे ‘मला गोळी मारायची नाही, नुसता धूर आणि आवाज हवा’ हा बचाव इथे टिकत नाही. दारू बनवणे, बाळगणे, विकणे, आणणे या सर्वांसाठी २००८ च्या स्फोटक नियमांचा परवाना पाहिला जातो.

दिवाळीतल्या टिकल्यांकडे काहींचे लक्ष जाते, कारण त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. टिकलीत तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट यांचा अत्यंत अल्प अंश असतो आणि कागदाच्या दोन थरांमध्ये तो बंद केलेला असतो. तिची सुरक्षितता या अल्पपणात आहे. टिकल्या खरवडून मसाला एकत्र केला तर नुसत्या घासण्याने तो हातातच उडतो. शिवाय तसे करणे म्हणजे परवान्याविना स्फोटक बनवणे. कारखान्यात बनलेली टिकली टिकलीच्या बंदुकीतच वाजवावी.

तेव्हा रणगाड्याची हौस असलेल्या वाचकाला सल्ला सरळ आहे. प्रकाश, स्पीकर, हिसका, वाफेचा धूर आणि अवरक्त किरणांची लढाई एवढ्यावर मनसोक्त खेळा. त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. प्लास्टिकची गोळी हवी असेल तर खूण असलेले खेळणे घ्या, चष्मा घाला आणि स्प्रिंगला हात लावू नका. नळीत ज्वाला किंवा दारू आणायचा विचार मनात आला तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांच्या परवाना शाखेत लेखी विचारणा करा. लेखी होकार हातात येईपर्यंत नळी रिकामी ठेवा.